पायडल न मारता

हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पायडल मारायला मनाई केली आणि सायकलवरून पाव विकणारे भार्गव खचलेच. वरच्या वाडीतली गिऱ्हाइकं आता तुटली, असं ते धरून बसले.

त्यांची बायको शालन फवारणीचे पंप दुरुस्त करायची. मोडीत निघालेल्या एका पंपाचं इंजिन तिने सायकलच्या दांड्याखाली बसवलं.

"हे कसलं चढतंय!" शेजारी हसले.

"तुम्ही बसा हो," ती नवऱ्याला म्हणाली.

मागे पावाची टोपली बांधलेली सायकल फटफटत चढाला लागली, वळणाआड गेली. मग एकदम आवाज थांबला. शालन घाबरून धावत सुटली.

माथ्यावर भार्गव इंजिन बंद करून तिची वाट बघत उभे होते. त्यांना जराही दम लागला नव्हता.

"टोपली मांडीवर घे आणि मागे बस," ते म्हणाले. "वाडीला कळू दे, हे कुणी केलंय."