ड्युटीवर गेलेली सून

"सून घरी नाही. ड्युटीवर गेली. संध्याकाळी या," शोभाताईंनी जाळीच्या दाराआडूनच सांगितलं. कुरिअरवाला खेमसिंग या लाइनवर नवा होता. त्यानं मान डोलावली, मोटरसायकलला किक मारली आणि गेला.

त्यांची सून केतकी तेव्हा पंचवीस पावलांवर होती. अंगणापलीकडच्या मागच्या खोलीत, दातांत चिकटपट्टी धरून शेवटचं पाकीट बंद करत होती. फुलवातींची सदतीस पाकिटं. आज बाराच्या आत ती कुरिअरच्या हाती पडायला हवी होती. ज्या कंपनीच्या साइटवर ती माल विकायची तिनं दोनदा ताकीद दिली होती. तिसऱ्यांदा उशीर झाला की दुकान बंद.

दोन्ही ताकिदी चहापायी आल्या होत्या. सासरे श्रीकृष्णराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. दहा वाजता त्यांची पेन्शनर मंडळी दिवाणखान्यात जमायची ती एकपर्यंत हलायची नाही. "केतकी, चहा टाक. नाहीतरी रिकामीच आहेस." मग मारोतरावांचा बिनसाखरेचा वेगळा. मग पोहे. मग कपबशा. कापसाचा भाव पडून तीन वर्षं झाली होती. दिग्रसमधल्या ज्या जिनिंग मिलमध्ये नवरा सलील हिशेबनीस होता तिला कुलूप लागलं होतं आणि तो चाकणला एका कारखान्यात तुटपुंज्या पगारावर पाट्या टाकत होता. ज्या कापसाला बाजारात कुत्रं विचारत नव्हतं, त्याच्याच वाती केतकी वळून पाठवायची आणि त्या पुण्या-बंगळुरूच्या देवघरांत जळायच्या. घर त्यावर चालत होतं. पण बाईनं घरात बसून केलेलं काम हे काम नसतं, असा आपल्याकडे कायदाच आहे. तो कोणी लिहिला नाही, म्हणून कोणी बदलतही नाही.

तेव्हा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं डोकं चालवलं. बरोबर दहाला इस्त्रीची साडी नेसली, खांद्याला पर्स, हातात डबा. "जाऊन येते, आई," म्हणून पुढच्या दारानं सगळ्यांच्या देखत बाहेर पडली. विहिरीच्या बोळातून वळसा घातला आणि मागच्या दारानं आपल्याच घरात शिरली. सगळ्यांना ठाऊक होतं ती कुठं आहे. तरी एकानंही हाक मारली नाही! डबा घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला या घरात चाळीस वर्षं कोणी हाक मारली नव्हती. श्रीकृष्णराव असाच डबा घेऊन कचेरीत जायचे. तिथं जाऊन काय करायचे, ते सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालणाऱ्यांना विचारा.

मार्च उजाडला तरी नाटक बिनबोभाट चाललं होतं. इतकं, की शोभाताईंना ते खरं वाटायला लागलं होतं.

गाडीचा आवाज लांब गेला तशी केतकी अंगणात आली. "आई, कोण होतं?"

"कुरिअरवाला. तू घरी नाही म्हणून सांगतलं त्याले..." शोभाताई बोलता बोलता थांबल्या. तोंडावर हात गेला.

"आई, मी इथंच हावो ना!"

दिवाणखान्यात मारोतराव खो खो हसले. "ड्युटी अंगाशी आली म्हणायची, साहेब!"

श्रीकृष्णरावांनी पेपरमधून मान वर केली नाही. "एक दिवस वाती नाही गेल्या तर काय देव अंधारात बसतात? आणि आता बाहेर आलीच आहेस तर चहा टाक."

केतकीच्या अंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात पुढचं फाटक वाजलं. शोभाताई पदर खोचून अनवाणीच रस्त्यावर पळत सुटल्या होत्या. डांबर तापलेलं, वय त्रेसष्ट, गुडघे दोन्ही गेलेले.

केतकी मागे वळली. सदतीस पाकिटं दोन पोत्यांत भरली आणि फरफटत थेट दिवाणखान्यात आणली. टीपॉयवरचे पेपर उचलून खाली टाकले.

"उठा काका."

"अवो पण..." मारोतराव.

"दिवाण लागते मले. उठा."

मारोतराव उठले. तिनं दिवाणावर पाकिटं मांडली आणि यादीवर टिक करत मोजायला लागली.

खेमसिंग कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर सापडला. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून व्हायचा होता, म्हणून थांबला होता. शोभाताई त्याला दंडाला धरूनच घेऊन आल्या. बाराला सात मिनिटं होती. त्यानं सदतीस वेळा मोबाइलचा डोळा पाकिटांवर फिरवला, पोती गाडीला बांधली आणि गेला. दुकान वाचलं.

"झालं ना?" श्रीकृष्णराव उठून उभे राहिले. "आता हा पसारा उचल आणि उद्यापासून मागेच..."

"उद्यापासून इथंच, बाबा," केतकी म्हणाली. "दहा ते पाच. पुढच्या दाराशी. कुरिअरवाल्याले मी दिसली पाहिजे."

"हा दिवाणखाना आहे!"

"हो. अन् पंखा बी इथंच हाये."

श्रीकृष्णरावांनी बायकोकडे पाहिलं. ती उंबऱ्यावर बसून भाजलेले तळवे फुंकत होती. "बघ, तुझी सून काय बोलते ती. सांग तिला काही. आणि तो चहा..."

शोभाताईंनी तळवा खाली ठेवला.

"पाच महिने झाले, तिची ड्युटी लागल्यापासून तुमच्या मंडळीचा चहा मीच करून राह्यली. एकानं तरी इचारलं काय, की ही बाई कुठच्या ड्युटीवर हाये?"