हळदीचा पंजा
खंडेनवमीला माझ्या सुतार लेकाने, अभिमनने, करवतीच्या मशीनवर हळदीचा पंजा उमटवला. पूजेत पात्याने कुरतडलेली काठीही मांडली होती. असलं जळण देवापुढे कशाला, म्हणून मी ती चुलीत घातली. दसऱ्याला त्याने चौकटीत खाच पाडायचं कटर चढवलं. त्यासाठी मशीनची हात वाचवणारी जाळी काढावी लागते, म्हणून लाकूड काठीने ढकलायचं. "माय, मनी काठी कोठे शे?" "चुलामा गई. तुना बापले कधी काठी लागनी नही. तू म्हातारा व्हयना का?" दुसरी काठी पाच मिनिटांत झाली असती, पण माझा टोमणा लागला. त्याने हातानेच ढकललं. तीन बोटं गेली. देवपूरच्या दवाखान्यात सगळ्यांना म्हणाला, "मनीच चूक." यंदा मी नव्या काठीला आधी कुंकू लावलं. त्याने मशीनवर पंजा उमटवला. गेल्या वर्षीच्या पुसट पाच बोटांशेजारी दोन.