राखण

“मेंढरं इकून वरीस झालं, तरी कुत्र्याच्या भाकऱ्या चालूच,” रांजणगावच्या कारखान्यात पहिली पाळी करून आलेला संपत पुटपुटला. त्या कुत्र्याला, काळ्याला, न्यायला आलेल्या मेंढपाळ मामांनी त्याच्या गळ्यात दोरी बांधली. संपतची बायको सविता चहा गाळत होती. हौसेनं नाव ठेवलेली त्यांची लेक प्रगती आठ वर्षांची झाली, तरी बोलत नव्हती की हाकेला वळत नव्हती. पण ‘मोठी झाली की होईल नीट’ असं घरानं ठरवून टाकलेलं. तेवढ्यात ती उठून आपल्याच नादात हमरस्त्याकडं निघाली. काळ्या दोरी हिसकून धावला, तिला आडवा गेला आणि चुकार कोकरू वळवावं तसं नाकानं ढकलत उंबऱ्याशी घेऊन आला. “पोरीला मेंढरू समजतंय,” मामा हसले. संपतनं वाकून दोरी सोडली. “कुत्रं ऱ्हाऊ द्या, मामा. आमची पोर मोठी झाली तरी अशीच ऱ्हाणार.”