तबकडीवरची रेघ

काटा अलगद निघाला, पण त्याची सावली तबकडीवर तशीच राहिली.

मास्तरांनी भिंग डोळ्यात घट्ट बसवलं. आधी वाटलं, मळ असेल. कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसलं. जाईना. मग डोक्यात उजेड पडला. तबकडी मुळात गडद निळी. शोकेसमध्ये खिडकीशेजारी वर्षानुवर्षं ऊन खाऊन ती पार राखाडी झाली होती. फक्त स्टॉपवॉचच्या काट्याखाली ऊन पोचलं नव्हतं, तेवढी निळी रेघ शाबूत होती. मास्तरांना गंमत वाटली. बायकोला हाक मारून दाखवावं, असंही मनात आलं.

आणि तेवढ्यात त्यांना दिसलं, की रेघ बारावर नाही. एक खूण, म्हणजे एक सेकंद, पुढे आहे.

शाळेत पीटी शिकवण्यात जन्म गेलेले मास्तर निवृत्त झाल्यावर जुन्या घड्याळांच्या नादी लागले होते. जेवणाचं टेबल त्यांनी कधीच काबीज केलं होतं. घरात घड्याळांचा एवढा बाजार, आणि हा माणूस एक दिवस वेळेवर जेवायला येईल तर शपथ, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. पण हे घड्याळ भंगारातून आणलेलं नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं, मैदानावरचं. लेकीने, म्हणजे ससुलीने, रविवारी ते शोकेसमधून काढून त्यांच्यापुढे ठेवलं होतं. चाळिशी उलटल्यावर बाईसाहेबांनी पुन्हा पळायला सुरुवात केली होती, आणि ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर हौशी लोकांच्या एका शर्यतीत उतरणार होत्या. बाबांचं घड्याळ हातावर असलं की पाय आपोआप उचलतील, म्हणाली.

लहानपणी ते मैदानावर न्यायचं काम तिचंच. वाटेत ढिला पट्टा मनगटावर चढवून बटणं दाबत यायची. मास्तर मात्र घड्याळाबद्दल भारी कडक. ते चुकतंय असं एकदा कुणी पोरगं म्हणालं, तर त्याला दमेपर्यंत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. "घड्याळाला नावं ठेवू नकोस, पाय उचल," असा दम भरला. त्यानंतर कुणाची तोंड उघडायची छाती झाली नाही.

याच घड्याळावर त्यांनी ससुलीची निवड चाचणी घेतली होती. पोरगी खेळाडूंच्या वसतिगृहात जाणार, हे सगळी शाळा धरूनच चालली होती. ती जीव तोडून पळाली, आणि अर्ध्या खुणेने चुकली. जेमतेम अर्ध्या. मास्तर, घालून टाका नाव, कोण बघतंय, असं सोबतचे शिक्षक म्हणाले. मास्तरांनी नाव घातलं नाही. पोटच्या पोरीलाही सूट दिली नाही, असा सगळीकडे बोलबाला झाला. निरोप समारंभातही तोच किस्सा सांगितला गेला आणि टाळ्या पडल्या. चाचणीनंतर लगेचच शाळेने नवी घड्याळं आणली आणि हे मानाने घरच्या शोकेसमध्ये गेलं. त्यातला सेल तिथेच संपला. ससुली पुढे विम्याच्या कचेरीत खुर्चीला चिकटली.

अशा घड्याळाचा सेल बदलला की किल्ली बाहेर ओढून, बटण दाबून स्टॉपवॉचचा काटा बारावर आणून ठेवावा लागतो. हे मास्तरांना या छंदापायी आत्ता आत्ता कळलं होतं. चाचणीच्या आधी सेल त्यांनीच बदलला होता. काटा नीट बसलाय का हे बघायला चष्मा लागला असता, आणि पोरांसमोर चष्मा लावायची त्यांना लाज वाटायची.

म्हणजे ससुलीने पहिलं पाऊल टाकायच्या आधीच काटा एक खूण पुढे जाऊन उभा होता. पोरगी वेळेत आली होती.

भिंग काढलं तरी ती निळी रेघ डोळ्यांपुढून हलेना. आयुष्यभर मिरवलेला प्रामाणिकपणा, तो हा. लेकीचं नशीब आपण आपल्या हाताने मोडलं आणि वर टाळ्या घेतल्या.

सुट्या भागांच्या डब्यात दुसऱ्या एका बंद घड्याळाची तबकडी पडली होती. हुबेहूब हीच, चकचकीत निळी. ती बसवली की प्रश्न मिटला. ससुलीला सांगावं, असं त्यांना दहादा वाटलं. पण सांगून तरी काय होणार होतं? गेलेली वर्षं किल्ली फिरवून थोडीच मागे येतात? तिला बिचारीला कुठे काय ठाऊक आहे? सुखाने पळतेय, पळू दे. मास्तरांनी नवी तबकडी बसवली. सेल घातला, काटा बरोबर बारावर आणून ठेवला.

संध्याकाळी ससुली आली ती पळतच, पायातले बूटही न काढता. मास्तरांनी घड्याळ पुढे केलं. तबकडी खराब झाली होती, दुसरी घातली, एवढंच म्हणाले. जुनी कुठेय, असं तिने विचारलं. टाकून दिली, ते म्हणाले. ती त्यांच्या खिशात होती.

ससुलीने घड्याळ मनगटावर चढवलं. बोट सवयीने बटणावर गेलं. काटा पळवला, थांबवला, मग दुसरं बटण दाबलं. काटा झर्रकन फिरून जागेवर आला. ती खिडकीपाशी गेली आणि उजेडात तबकडीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मास्तर टेबलावरचे स्क्रू उगाचच गोळा करत बसले होते.

"बरं झालं, बाबा," ती हळूच म्हणाली. "आता येतो बारावर."