बंड्यासारखाच दुसरा

"ताई, डाव्या डोळ्यावर असाच काळा डाग हवा." तरुणाने मोबाईल पुढे केला. फोटोत बंड्या होता. हेमांगीनेच त्याला आपल्या भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून या माणसाकडे दत्तक दिलं होतं. आता बंड्याच्या व्हिडिओंवर लाखो लोक जीव टाकत होते.

"बंड्याला काय झालं?"

"सकाळी गेला. पण रविवारी त्याच्या वाढदिवसाचं शूटिंग ठरलंय. लोकांना कळायला नको."

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंग गार पडायच्या आधीच हा त्याचा जुळा शोधत निघाला होता.

"कुठे पुरलंत त्याला?"

"डिकीत आहे. तेवढं तुम्हीच बघाल ना?"

तिने कोपऱ्यातली कुदळ त्याच्या हातात कोंबली. "कडुनिंबाखाली खड्डा खणा. आणि तो मोबाईल इथे ठेवून जा."