बहात्तर टक्के

दहावीच्या निकालाच्या दिवशी साइट कोलमडू नये म्हणून प्रोग्रॅमरने शक्कल लढवली होती. पान एकदाच तयार करून साठवायचं आणि पुढच्या प्रत्येकाला तेच दाखवायचं. नाव आणि गुण तेवढे ज्याचे त्याचे.

साइट पळत होती, साहेब खुश होते. प्रोग्रॅमर मात्र सारखा फोनकडे बघत होता. अर्धा तास झाला, तरी रडत-भांडत एकाही पालकाचा फोन कसा नाही?

"सुटला बाई एकदाचा आमचा लेक! बहात्तर टक्के," शेजारच्या टेबलावरची डिझायनर म्हणाली.

"आमच्या नातीलाही बहात्तरच," दारातून वॉचमनकाका म्हणाले.

त्याने पटापट दोन-तीन निकाल उघडून पाहिले. नाव बदलत होतं, पण गुण पहिल्या मुलाचेच साठवले गेले होते आणि तेच सगळ्यांना दिसत होते. त्याने घाईघाईने साठवलेलं पान पुसून टाकलं. आता जो उघडेल त्याला स्वतःचे खरे गुण दिसणार होते.

फोन वाजला. दोनदा नापास झालेली भाची होती.

"मामा, पास झाले! बहात्तर! बाबांचा विश्वासच बसत नाहीये. थांब, त्यांच्यासमोर पुन्हा उघडून दाखवते."