घरात ऐकू येईल असं खोकं

सासूबाईंनी काठी काउंटरला टेकवली, चष्मा नाकावर सारला आणि फळीवरच्या काळ्या खोक्यांकडे अशा नजरेने बघितलं, की जणू एकेकाला आता जाब द्यायचाय.

"घरात वाजवायला ॲम्प्लिफायर हवाय," सून दुकानदाराला म्हणाली. पाठीवरची गिटार तिने अलगद उतरवली. "लहानसा. अगदी लहान."

"बसा ना आजी," दुकानदाराने स्टूल पुढे केलं.

"आजी कोणाला म्हणतोस रे? नातवंडं अजून वाटेवरसुद्धा नाहीत. मावशी म्हण." बसल्या मात्र लगेच. खुब्याचं हाड जोडल्यापासून इतकं चालायची ही पहिलीच वेळ.

सासू, सून आणि मध्ये गिटार. दुकानदाराने अशी घरं पुष्कळ बघितली होती. त्याने न विचारताच एक खोकं खाली काढलं. "हा घेऊन जा. हेडफोन लावायचा आणि वाटेल तेवढं वाजवायचं. शेजारच्या खोलीतसुद्धा कळणार नाही. मावशींची झोपमोड नको."

"हाच द्या," सून पटकन म्हणाली.

"थांब गं. चार टोमॅटो घेताना दहा वेळा दाबून बघतेस, आणि हे असंच?"

दुकानदार हसला. "मावशी, तुम्हाला कळतं यातलं?"

"यातलं नाही कळत. चौथीच्या पुढे शाळेचं तोंड बघितलं नाही मी. पण तीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय. वेगात सगळीच मशीनं झकास पळतात. खोड कळते ती हळू चालवल्यावर. मांड इथे दोन-तीन, आणि आवाज अगदी बारीक ठेव. आम्हाला गल्ली गाजवायची नाहीये."

तीन खोकी काउंटरवर आली. सून एकेकाला वायर जोडून तार छेडायची आणि सासूबाई खोक्यावर तळवा ठेवून ऐकायच्या. हेडफोनवालं तार छेडायच्या आधीच फुसफुसायला लागलं. "याला आधी सर्दीचं औषध दे." दुसऱ्याचा आवाज कमी केला तर त्यात काही उरेचना. "हे म्हणजे डब्यात माशी अडकलीय."

तिसरं दिसायला अगदी साधं, दोन बटणांचं. पण त्या बारीक आवाजातही प्रत्येक तार सुटी ऐकू आली, हातशिलाईचे टाके दिसावेत तशी. सासूबाईंनी तळवा उचललाच नाही.

"हे."

"कान आहे हं, मावशी! पण याला हेडफोनची सोय नाही. घरभर ऐकू जाणार."

सुनेची बोटं तारांवरून निघाली. "नको आई. हेडफोनवालाच घेऊ. तुम्हाला त्रास होतो."

बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, ही टणटण माझ्या घरात नको. तेव्हापासून सहा वर्षं ती विजेवरची गिटार वायर न लावताच वाजत होती. दार लावून. आणि बोललेला शब्द परत घ्यायची सासूबाईंना सवय नव्हती.

त्या सुनेकडे न बघता दुकानदाराकडे वळल्या.

"ऐक. चार महिने मी अंथरुणाला खिळून होते. या पोरीनं माझं सगळं केलं. सगळं म्हणजे काय काय, ते तुला परक्याला सांगण्यासारखं नाही. कपाळाला एक आठी नाही. मला झोप लागलीशी वाटली की पलीकडच्या खोलीत जाऊन वाजवायची. कान देऊन देऊन माझी मान अवघडली, पण नुसती तारांची टिकटिक. गाणं काही हाती लागलं नाही."

"तुम्ही जाग्या असायचात, आई?"

"नाहीतर काय! रोज वाट बघायचे, आज तरी नीट ऐकू येईल म्हणून."

दुकानदार एकच वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिला.

"तर कानात घालायच्या भानगडी नकोत," सासूबाई त्याला म्हणाल्या. "हिचं हिलाच ऐकू यायचं असेल, तर मी दुखरा पाय ओढत इथवर आले कशाला?" मग आवाज जरा खाली आणून सुनेला, "एक अख्खं वाजव बरं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत."

सुनेने मनगटाने डोळे पुसले. स्टूल ओढलं, गिटार मांडीवर घेतली आणि सवयीने कोपऱ्याकडे तोंड करून बसली.

"अगं, कोपऱ्याला काय ऐकवतेस?" सासूबाई कडाडल्या. "इकडे वळ."